मातृवजावट

मिरजेच्या सहवासमापन प्रयोगशाळेत नमुना द्यायला तीन मिनिटं लागतात आणि अहवाल यायला अकरा दिवस. ईश्वरी खराडे बाराव्या दिवशी सकाळी साडेनऊलाच तिथे येऊन बसली होती. तासगावहून पहिल्या बसने आली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, डब्यात दोन भाकरी आणि वांग्याची भाजी. मिरजेत खानावळींना तोटा नव्हता, पण घरातून रिकाम्या हातानं बाहेर पडायचं नाही ही सासूबाईंची शिस्त होती. सासूबाई जाऊन आठ महिने झाले तरी शिस्त जागच्या जागीच होती.

समोरच्या भिंतीवर एक जुनं पत्रक काचेत लावून ठेवलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी परदेशातल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जायचं तर काय काय लागायचं, त्याची ती यादी होती. लग्नाचे फोटो, दोघांच्या नावाचं विजेचं बिल, एकमेकांना पाठवलेले निरोप, शेजाऱ्यांची पत्रं. ईश्वरीला ते वाचून हसूच आलं. किती भाबडे दिवस होते ते! फोटो दाखवला की साहेब मान डोलवायचा. पुढे यंत्रं इतकी शहाणी झाली, की कधी भेटलेही नाहीत अशा दोघांचा तीस वर्षांचा संसार ती पाच मिनिटांत उभा करू लागली. फोटो, बिलं आणि तारीखवार रुसवेफुगवेसुद्धा. कागदावरचा विश्वास असा उडाला, तेव्हा उत्तर संघाच्या देशांनी माणसांच्या शरीरालाच साक्षीला बोलवायचं ठरवलं.

ईश्वरीचा नवरा हर्षवर्धन नऊ वर्षांपासून उत्तर संघात होता. समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा. जोडीदाराला बोलवायचं तर दोन अटी पुऱ्या कराव्या लागत. एक उत्पन्नाची आणि दुसरी सहवासाची. उत्पन्नाच्या रेषेच्या जेमतेम वर हर्षचा पगार होता, आणि जानेवारीपासून ती रेषा वर सरकणार होती. त्याचा पगार काही सरकणार नव्हता. म्हणजे जे काही व्हायचं ते याच अर्जात, नाहीतर कधीच नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून फोनवर दोघंही तेवढा विषय सोडून बाकी सगळं बोलत.

"ईश्वरी खराडे?"

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. हेमांगी टिपणीस स्वतः दारात आल्या होत्या. साठीच्या बाई, केस आखूड, चष्मा डोक्यावर. सहवास मोजायची ही पद्धत ज्या चार-पाच शास्त्रज्ञांनी बसवली त्यातल्या त्या एक. अहवाल द्यायला सहसा त्या येत नसत, हे ईश्वरीला माहीत होतं.

खोलीत गेल्यावर डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "सहवासांक सहा आला आहे. चाळीस लागतो."

ईश्वरीनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. नऊ वर्षांत हर्ष दरवर्षी तीन आठवडे यायचा. त्याचे किती येणार होते?

"हा अंक कसा काढतात, तुम्हाला सांगू का?" डॉक्टरांनी विचारलं. "अर्जात वाचलं, तुम्ही दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहात म्हणून. तुम्हाला लगेच कळेल."

"सांगा की."

"आपल्या तोंडात आणि आतड्यात जीवाणूंच्या शेकडो जाती असतात. जाती बहुतेक सगळ्यांच्या त्याच. पण एकेका जातीत घराणी वेगळी. माझ्या तोंडातलं घराणं तुमच्या तोंडात नसतं. एका घरात राहिलं, एका भांड्यातलं खाल्लं, की ती घराणी याच्याकडून त्याच्याकडे जातात. आता गंमत अशी, की प्रत्येक घराण्याच्या जनुकसंहितेत वर्षाला दोन-चार अक्षरं आपोआप बदलतात. दोन माणसांमध्ये एकच घराणं सापडलं, तर अक्षरांचा फरक मोजायचा. फरक नसेल, तर देवाणघेवाण काल-परवाची. तीस अक्षरांचा असेल, तर ती दोन माणसं दहा वर्षांपूर्वी वेगळी झाली. याला आम्ही वंशघड्याळ म्हणतो."

"विरजणासारखं," ईश्वरी म्हणाली. "एका घरचं विरजण दोन घरांत गेलं, की दोन वर्षांत दोन्हीकडची चव फिरते. मुळात एकच असलं तरी."

"अगदी तसंच." डॉक्टरांना उपमा आवडलेली दिसली. "तुमच्या यजमानांच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. त्यांना दोनदा न्यूमोनिया झाला, दुसऱ्यांदा तर चारच महिन्यांपूर्वी. औषधांचे मोठे डोस झाले. त्यात तिकडे डबाबंद, निर्जंतुक खाणं. ते इथून गेले तेव्हा संघानं त्यांचा प्रवेश-नमुना घेतला होता, त्यातली घराणी आज त्यांच्यात जवळजवळ एकही नाही. तोंड अगदी पुसलेल्या पाटीसारखं झालंय."

"मला माहीत आहे. डब्यातला मासा उभ्यानं खातो तो."

"आणि मग त्यातून आम्ही मातृवजावट करतो."

"म्हणजे?"

"मुलाकडे बरीचशी घराणी आईकडून आलेली असतात. सख्ख्या भावंडांत तीच सापडतात. पंधरा वर्षांपूर्वी काही महाभागांनी आपल्या बहिणींना बायको म्हणून नेलं. अंक नव्वदच्या घरात! तेव्हापासून नियम असा, की बोलावणाऱ्याच्या आईची जी घराणी असतील ती आधी वजा करायची आणि उरेल तो खरा सहवास. तुमच्या सासूबाईंचा नमुना संघाकडे आहेच."

तो होताच. सहा वर्षांपूर्वी हर्षने आईसाठी पालक-परवान्याचा अर्ज केला होता. उत्पन्नाची रेषा तेव्हा बरीच खाली होती, तरी आईबापांसाठी ती दीडपट. अकरा दिवसांचा पगार कमी पडला आणि अर्ज नामंजूर झाला. नमुना मात्र त्यांनी ठेवून घेतला होता. त्याच अर्जाबरोबर ईश्वरीचाही अर्ज होता. तेव्हा तिचा अंक एकावन्न आला होता, परवाना मंजूर होऊन हातातही पडला होता. तो वापरायची सहा महिन्यांची मुदत तिने स्वतः, समजून उमजून, जाऊ दिली होती.

"त्यांचं नाव सुवर्णा ना?" डॉक्टर म्हणाल्या. "मी एक आगाऊपणा केला. तुमचा नमुना त्यांच्या नमुन्याशी लावून पाहिला. अर्जाशी त्याचा काही संबंध नाही, निव्वळ कुतूहल." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "त्र्याऐंशी. चाळीस-चाळीस वर्षं संसार केलेल्या जोडप्यांतसुद्धा मी एवढा पाहिलेला नाही. हे कसं काय?"

ईश्वरी त्या आकड्याकडे पाहत राहिली. आठ महिन्यांत ती लोकांसमोर रडली नव्हती. आत्ता रडली.

"आम्ही एका ताटात जेवायचो," ती म्हणाली.

सुवर्णा खराडेंना ती आत्या म्हणायची, तासगावच्या बाकीच्या सुनांसारखी. गोष्टीतल्या सासवांपेक्षा ही बाई निराळीच होती. तरुणपणी बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जायची, आणि जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना गोळा करून फोनवर नाचाचे व्हिडिओ काढायची. सत्तावीस हजार लोक बघायचे म्हणे. ते फोन, ते सत्तावीस हजार, सगळं केव्हाच इतिहासजमा झालं होतं, पण आत्या अजून कुठलीही वस्तू हातात घेतली की तिच्यावर सवयीने अंगठा वरच्या बाजूला सरकवायच्या. "आमच्या येळंला काच घासली की समदं जग वर यायचं बघ," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

हर्ष गेला तेव्हा लग्नाला चौदा महिने झाले होते. पहिल्या आठवड्यात दोघी आपापलं ताट घेऊन दोन टोकांना बसल्या. दोघींनाही जेवण जाईना. आठव्या दिवशी आत्यांनी एकच ताट वाढलं, मोठं, पितळेचं, आणि पाटावर थाप मारली. "ये इकडं. दोघी मिळून एकाचं तरी जेवूया." त्या दिवसापासून पडलेली पद्धत आठ वर्षं मोडली नाही. ईश्वरी दूध संघातून यायची तोवर आत्या खोळंबून राहायच्या. आमटी एकाच वाटीत. कांदा एकच, बुक्कीनं फोडलेला. आणि ताटाच्या कडेला शेवटचा घास भाजीसकट कालवून ठेवलेला असायचा. "त्यो तुझा," आत्या म्हणायच्या. ईश्वरी कितीदा म्हणाली असेल, आज तुम्ही घ्या. नाहीच. त्या बाबतीत त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

पालक-परवाना नाकारल्याचं पत्र आलं, तेव्हा आत्यांनी ते घडी घालून ताटाखाली सारलं. संध्याकाळी म्हणाल्या, "तुझं आलंय न्हवं मंजूर? तू जा. मी हाय की इथं."

"आणि जेवणार कुणाबरोबर?"

"न्हाई जेवत एकांदा दिस."

"म्हणूनच नाही जात," ईश्वरी म्हणाली. त्यावर आत्या बराच वेळ तिला शिव्या देत होत्या. इतक्या प्रेमानं दिलेल्या शिव्या तिने पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकल्या नाहीत.

मग आजारपण आलं. शेवटचे दोन महिने हर्ष बिनपगारी रजा घेऊन आला आणि आईच्या पायथ्याशी बसून राहिला. आत्यांना घास गिळवत नव्हता, पण ईश्वरीबरोबरचं ताट एकच लागायचं; हर्ष आपली थाळी वेगळी घेई. मुलगा आणि सून समोर जेवताना बघायचं आणि आपण दोन चमचे पेज घ्यायची. "मला लई बघायचं हुतं रं तुझं घर तिकडचं," एवढं एकदाच त्या हर्षला म्हणाल्या. हर्षनं पेजेचा चमचा पुढे केला.

डॉ. टिपणीसांनी पाण्याचा पेला पुढे केला. आता त्या नकळत अहो-जाहोवरून उतरल्या होत्या. "हे बघ, एक वाट आहे. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली असतील आणि उत्पन्नाची अट पुरी होत असेल, तर परीक्षाधीन परवाना मिळतो. एका वर्षाचा. दोघांनी त्या वर्षात संघाबाहेर पाऊल टाकायचं नाही. तुला काम करता येणार नाही. वर्षाअखेर पुन्हा चाचणी. अंक चाळीस झाला तर कायमचा परवाना."

"आणि नाही झाला तर?"

"सात दिवसांत परत. दहा वर्षं अर्ज करता येत नाही. त्याचाही परवाना जातो, खोटं लग्न दाखवल्याबद्दल."

ईश्वरीनं मनात हिशेब केला. दूध संघातली बारा वर्षांची नोकरी सोडायची. घराला कुलूप लावायचं. चुकलं तर दोघांचंही सगळं जाणार.

"वर्षात चाळीस होतात?"

"एका घरात राहा. एका ताटात जेवा. तुला तर शिकवायलाच नको." डॉक्टर हसल्या. "त्याचं तोंड रिकामं आहे, तुझ्याकडे भरपूर आहे. चाळीस कुठेच गेले नाहीत."

दोघीही आपापल्या शास्त्रात पक्क्या होत्या. तरीही भरपूर आहे ते कोणाचं, हे त्या दिवशी दोघींच्याही ध्यानात आलं नाही. निघताना ईश्वरीनं डबा उघडून अर्धी भाकरी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनीही आढेवेढे न घेता ती खाल्ली.

स्कार्वीक हे उत्तर संघातलं बंदराचं गाव. घरं एकसारखी, रस्ते धुतल्यासारखे, आणि वारा असा की माणसानं बोललेलं अर्धं वाक्य शेजारच्या गल्लीत ऐकू जावं. ईश्वरी उतरली तेव्हा हर्ष न्यायला आला होता. नऊ वर्षांत तीन-तीन आठवडे पाहिलेला नवरा तिला त्या परक्या उजेडात थोडा पाहुण्यासारखा वाटला. त्यालाही ती तशीच वाटली असणार, कारण घरी पोचल्यावर तो म्हणाला, "बसा ना."

"बसा?" ईश्वरी म्हणाली. तेव्हा कुठे तो हसला.

घरात ताट नव्हतं. दोन खोलगट बशा, एक काटा, एक चमचा. ईश्वरीनं सामानातून पितळेचं ताट काढलं. विमानतळावर त्या ताटाची तीन वेळा तपासणी झाली होती. हर्षनं ते हातात घेतलं आणि कडेच्या पोच्यावर अंगठा फिरवला. तो पोचा त्यानंच आठवीत असताना पाडला होता.

पहिले काही आठवडे त्याला एका ताटात जेवायची लाज वाटायची. आपला भाग तो बांध घातल्यासारखा वेगळा ठेवी. मग बांध फुटला. इथं ज्वारी मिळत नव्हती, तर ईश्वरीनं तिथल्या राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या भाकरी थापल्या. त्या तुटायच्या. हर्ष तुकडे गोळा करून कालवणात बुडवून खाई. समुद्रावरून येऊन तो पाय पुसत विचारी, "काय केलंयस?" आणि हा प्रश्न गेली नऊ वर्षं त्यानं इथं कुणालाच विचारला नव्हता, हे ईश्वरीला कळत होतं. कधी ते तासगावच्या गोष्टी काढत. बेदाण्याच्या रॅकवर वाळणाऱ्या द्राक्षांचा वास, गणपतीचा रथ, शेडवरच्या आत्यांच्या मैत्रिणी. "आईला हे घर आवडलं असतं का गं?" तो विचारी. "वाऱ्याला शिव्या घातल्या असत्या," ती म्हणे. "पण राहिल्या असत्या."

सहाव्या महिन्यात एकदा ताट पुसायला घेताना ईश्वरीला कडेला एक घास दिसला. कालवून, भाजीसकट ठेवलेला. हर्ष हात धुवायला गेला होता.

"हे काय?"

"तुझा तो," हर्ष आतून म्हणाला, सहज, आपण काय बोललो याचा पत्ता नसल्यासारखा.

वर्ष भरलं. चाचणी झाली. अकराव्या दिवशी परवाना कार्यालयात दोघांना बोलावणं आलं.

तपासनीस डॉ. मार्टा हेल्गे या स्वतः सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. मध्यमवयीन, शांत, कमालीच्या सभ्य. ईश्वरी वर्षभरात तिथली भाषा कामापुरती शिकली होती.

"मूळ अंक अठ्ठ्याहत्तर आला आहे," डॉ. हेल्गे म्हणाल्या. हर्षनं सोडलेला श्वास ऐकू आला. "इतका उंच अंक एका वर्षात मी पाहिलेला नाही. पण मातृवजावटीनंतर चौदा उरतात."

"चौदा?" हर्ष म्हणाला.

"तुमच्या तोंडात जी घराणी सापडली ती जवळजवळ सगळी तुमच्या आईची आहेत. सुवर्णा खराडे यांच्या नमुन्याशी ती जुळतात. ती मला धरता येत नाहीत. मला वाईट वाटतं."

ईश्वरीला सगळं एका क्षणात कळलं, आणि मिरजेत कसं कळलं नाही याचा स्वतःवर संताप आला. तिच्याकडे स्वतःचं असं उरलंच कुठे होतं? आठ वर्षं एका ताटात जेवून ती आत्यांचीच झाली होती. वर्षभर नवऱ्याला तिने जे दिलं ते त्याच्या आईचं होतं, आणि आईचं ते सगळं नियमानं वजा. ज्या सहवासापायी तिचा पहिला परवाना गेला, तोच आता दुसराही घालवणार होता.

हर्ष उठून उभा राहिला होता. "मी जातो परत," तो मराठीत म्हणाला. "दोघंबी जाऊ. नको मला ह्यांची मेहेरबानी."

"बस," ईश्वरी म्हणाली. "जरा बस खाली."

दूध संघात बारा वर्षं तिने दह्याच्या तक्रारी सोडवल्या होत्या. गिऱ्हाईक म्हणायचं दही बिघडलं, आणि पहिला प्रश्न ती एकच विचारायची, लावलं कधी होतं?

"डॉक्टर," ती म्हणाली, "मागच्या वर्षी यांचा नमुना घेतलात. त्यात आईची घराणी किती होती?"

डॉ. हेल्गेंनी पाहिलं. "एकही नाही."

"म्हणजे ही यांना आईच्या मांडीवर मिळालेली नाहीत. ती औषधांनी धुऊन निघाली. विरजण कोणाच्या घरचं हे तुम्ही बघताय. दही कधी लागलं ते बघा. तुमचं वंशघड्याळ काय सांगतं?"

डॉ. हेल्गे काही वेळ पडद्यावर काम करत राहिल्या. "आईच्या जुन्या नमुन्याशी वीस ते पंचवीस अक्षरांचा फरक. तुमच्या नमुन्याशी…" त्या थांबल्या. "शून्य किंवा एक. संक्रमण गेल्या दहा महिन्यांतलं आहे."

"मग?"

"पण नियमात स्रोताचा विचार नाही. आईचं घराणं असेल तर वजा करायचं, एवढंच लिहिलं आहे." हे म्हणताना त्यांचा आवाज थोडा कमी झाला होता.

"करा वजा," ईश्वरी म्हणाली. "नोंद मात्र पुरी करा. मी तुमचा छापील अर्ज वाचलाय. वजा केलेल्या घराण्यांपुढे दोन रकाने आहेत. संक्रमणाचा काळ, आणि त्या काळातला आईचा राहण्याचा पत्ता. ते भरल्याशिवाय वजावट मंजूर होत नाही."

हे खरं होतं. बहिणींची लबाडी पकडताना आई आणि मुलगा कधी, कुठे एकत्र राहत होते ते लिहून ठेवावं लागे, म्हणून ते रकाने होते. इतक्या वर्षांत ते कधी अडले नव्हते.

डॉ. हेल्गेंनी पहिल्या रकान्यात काळ भरला. दुसऱ्यापाशी त्यांची बोटं थबकली. "त्या भारतात राहत होत्या."

"या दहा महिन्यांत हा संघाबाहेर गेलेला नाही. तुमचीच अट आहे."

"आणि त्या हयात…"

"नाहीत. पावणेदोन वर्षं झाली. त्यांना इथं यायचं होतं, तेव्हा तुम्ही अकरा दिवसांच्या पगारासाठी नको म्हणालात. आता तुमचं यंत्र म्हणतंय, की गेल्या दहा महिन्यांत त्यांनी मुलाला हे दिलं. मग लिहा ना पत्ता. यानं ह्या काळात जेवण एकाच घरी केलंय. स्कार्वीक, तिसरी गल्ली, घर क्रमांक चौदा."

"तिथे तुम्ही राहता," डॉ. हेल्गे म्हणाल्या.

"हो," ईश्वरी म्हणाली. "तेच आम्ही वर्षभर सांगतोय."

डॉ. हेल्गेंनी रिकाम्या रकान्याकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे, मग पुन्हा रकान्याकडे. एकतर मेलेली, परवाना नाकारलेली एक बाई उत्तर संघात वर्षभर बेकायदा राहिली असं सहीनिशी लिहायचं, नाहीतर ही समोरची दोघं नवरा-बायको आहेत असं मानायचं. तिसरा मार्ग यंत्र देत नव्हतं.

त्यांनी वजावट रद्द केली. कारण विचारलं गेलं, तिथे त्यांनी सावकाश अक्षरं भरली. छापील प्रत हर्षच्या हातात आली. अंतिम सहवासांक अठ्ठ्याहत्तर. त्याखाली एकच ओळ होती. मातृघराणी उपस्थित, स्रोत पत्नी.

हर्षनं ती ओळ दोनदा वाचली. कार्यालयाच्या पायऱ्या उतरून ते बाहेर आले तरी कागद त्याच्या हातातच होता आणि वाऱ्यात फडफडत होता. भर दुपार होती. बंदरावरून माणसं जेवायला घरी चालली होती.

"ईश्वरी," तो म्हणाला. "आईला लई यायचं होतं गं इथं."

"आल्या की," ती म्हणाली. "चल, घरी जाऊ. मला भूक लागलीय."